भुकटीतलं अर्धं पाऊल

दहा कपाटांपैकी एकच उघडं होतं, आणि आतला साचा गायब होता.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मालकीण, बाई, रोजच्यासारख्या सकाळी सर्वांत आधी आल्या, तेव्हा दाराचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोर किल्लीवालाच. किल्ल्या चौघांकडे : बाई, साचे घडवणारे उस्ताद, मॅनेजर आणि खरेदी सांभाळणारा बाईंचा थोरला भाऊ, दादा.

साचा नव्या गुडघ्याचा होता. त्यात बाईंची सात वर्षं गेली होती.

"साचा काल संध्याकाळी या कपाटात हलवला," मॅनेजर चौकशीला आलेल्या फौजदारांना म्हणाला. "बाई आणि उस्ताद, दोघांनीच. तिसऱ्याला ठाऊकच नाही; मलाही आज सकाळीच कळलं."

"मग उरलं कोण?" फौजदारांनी उस्तादांकडे पाहिलं.

बाई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. मग फरशीजवळ उकिडव्या बसल्या.

काल प्लास्टर घासताना उडालेली भुकटी अजून झाडायची होती. चोराने बुटांना फडकी गुंडाळलेली. ठशांवरून माप कळत नव्हतं, नक्षीही नव्हती. पण चाल स्पष्ट होती. दारापासून कपाटापर्यंत पावलं नाकासमोर गेलेली. कपाटापाशी मात्र डावं पाऊल अर्धं मागे सरलेलं, टाच खोल दाबलेली. मग पुन्हा पुढे.

नवा पाय बसवलेला माणूस पाऊल टाकायचं कसं ठरवतो, हे पाहण्यात बाईंचा जन्म गेला होता. कुणी चारही बाजूंनी न्याहाळतो, कुणी झेपच घेतो, कुणी मागे सरून तोलतो.

"साहेब, पाच मिनिटं द्या."

त्यांनी टेबलावर दोन जुने गुडघे ठेवले आणि एकेकाला आत बोलावलं. प्रश्न एकच : "प्रदर्शनाला कोणता पाठवू? आत्ताच ठरवा."

मॅनेजरने दारातूनच बोट दाखवलं. "डावीकडचा. त्यात काय एवढं!"

उस्तादांनी टेबलाला दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, आणि तरी त्यांचं ठरेना.

दादा हसत आला. टेबलापाशी थांबला. त्याचा डावा पाय अर्धा मागे गेला, टाच दाबली गेली. मग पुढे होऊन त्याने एक गुडघा उचलला. "हा."

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

"उस्ताद असते तर कपाटापुढे पावलांचा नुसता गोंधळ झाला असता. मॅनेजर थांबलेच नसते. चोर थांबला, मागे सरला, आणि मग त्याने ठरवलं. दादा, तू लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधीही असाच मागे सरायचास."

"एवढ्यावरून मी चोर? अगं, असे शंभर सापडतील."

"सापडतील. पण कपाट कोणतं हे तिघांनाच ठाऊक होतं. मला, उस्तादांना, आणि काल जेवताना मी ज्याला सांगितलं त्याला. हे मी सकाळीच बोलायला हवं होतं. जीभ रेटेना."

दादाचा चेहरा उतरला.

"साचा कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"गाडीत." तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "दुसरा कारखाना माझ्या नावाने गुडघा काढणार होता. इथे मी कोण? बाईंचा भाऊ!"

"मागितलं असतंस, तर तुझं नाव मीच दिलं असतं, दादा."

फौजदार त्याला घेऊन गेले. मॅनेजर, उस्तादांची नजर चुकवत, साचा आणायला पळाला.

खोलीत दोघंच उरली.

"बाई," उस्तादांनी हळूच विचारलं, "तुम्हाला वाटलं होतं का, मी असेन म्हणून?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"वाटलं होतं. दादा नसावा, म्हणून तुम्ही असावात असं वाटलं."

उस्तादांनी मान हलवली. बावीस वर्षं ज्या खिळ्याला टांगत आले, त्यावरून आपला एप्रन काढला, नीट घडी घातली आणि तो बगलेत घेऊन ते बाहेर पडले.