तंतू तुझे, वर्ष तिचं

शेंगदाणे भाजता भाजता दुर्वाच्या आईनं रेडिओचा आवाज वाढवला आणि विचारलं, "कोण गं ही बाई? काय सुरेख गाते."

"मीच आहे," दुर्वा म्हणाली. "चाळीस वर्षांची झाल्यावरची."

आईनं नुसती मान डोलावली आणि कढईत झारा फिरवत राहिली. ती मिरजेच्या एका इस्पितळात परिचारिका होती. वर्षभरापूर्वी लेकीनं असं उत्तर दिलं असतं, तर तिनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आता मात्र माणसाचा पुढचा आवाज आजच ऐकायला मिळतो, ही गोष्ट तिच्याही अंगवळणी पडली होती.

दुर्वा सतरा वर्षांची होती, आणि तिच्या बँडचं नाव 'चिंगम' होतं. तिघं जण तेराव्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात एकत्र आले आणि गणिताच्या पेपरावरच्या एका खट्याळ गाण्यानं रातोरात गाजले. दुर्वा मुख्य गायिका, समीरा सतारमेकर कीबोर्डवर आणि दुसऱ्या आवाजात, हर्षल मगदूम ड्रमवर. दोन-अडीच वर्षं झकास गेली. मग त्यांच्यावर जीव टाकणारी पोरं कॉलेजात गेली आणि चिंगमचं नाव काढलं की हसू लागली. काहीतरी भारदस्त, मोठ्या माणसांसारखं गायला हवं, हे तिघांनाही पटलं होतं. कसं, ते एकालाही उमगत नव्हतं. हर्षलनं काळे कपडे घालून बघितले. दुर्वानं विरहाचं गाणं लिहिलं, पण तिला विरह म्हणजे सहल रद्द होणं एवढाच ठाऊक होता, आणि गाण्यात तो लपला नाही.

तेव्हा त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं डॉक्टर वैजयंती केळकरांना गाठलं. डॉक्टरांचं 'स्वरभाकित' नुकतंच तयार झालं होतं. आधी घशाचा त्रिमित नकाशा काढायचा. मग वर्षभर गळ्याला मऊ कंठपट्टी बांधून हिंडायचं. माणूस किती बोलतो, किती ओरडतो, किती वेळ गप्प बसतो, नीट झोपतो का, या सगळ्याची ती पट्टी नोंद ठेवायची. नकाशा आणि वर्ष एकत्र केलं की त्या घशातले स्वरतंतू पुढच्या पंचवीस वर्षांत कसे झिजतील, कसे मुरतील, याचं गणित मांडता येई. त्यानंतर गायक आज गायला, तरी यंत्रातून बाहेर पडायचा तो चाळिशीतला आवाज.

दोन महिन्यांपूर्वी निकाल लागला होता. हर्षलचा आवाज बरा निघाला, बँकेतल्या सज्जन अधिकाऱ्यासारखा. दुर्वाचा असा निघाला, की स्टुडिओतला ध्वनिमुद्रक डोळे पुसत बाहेर गेला. खालच्या सुरात एक खरखरीत गोडवा होता, खूप काही सोसून शांत झालेल्या बाईचा असावा तसा. समीराचा मात्र विरलेल्या धोतरासारखा, वरच्या सुराला टरकन फाटणारा. कंपनीनं गोड शब्दांत सांगितलं, की समीरानं यापुढे कीबोर्डच सांभाळावा. पुढच्या दहा वर्षांचा करार दुर्वाच्या गळ्यावर होणार होता, आणि तो येत्या सोमवारी सह्यांसाठी यायचा होता. समीरा तेव्हा काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती तालमीतही गायली नव्हती. दुर्वाला त्याचं वाईट वाटत होतं, पण रेडिओवरच्या नव्या गाण्यानं तिला इतकं वर उचललं होतं, की वाईट वाटायला सवड मिळत नव्हती.

आईनं कढई खाली उतरवली. "ते राहू दे. समीराची पट्टी तिला परत केलीस ना?"

"केली की," दुर्वा सवयीनं म्हणाली. मग तिच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. "समीराची कुठली?"

"अगं, वर्षभर गळ्यात बांधून फिरत होतीस ती. आत 'स' लिहिलेलं होतं. मी रोज ओल्या फडक्यानं पुसायची, मला नाही ठाऊक होय?"

दुर्वा खाली स्टुलावर बसली.

पाचवीत समूहगायनाच्या स्पर्धेआधी समीरा रडायला लागली होती, तेव्हा दुर्वानं स्वतःची रिबन सोडून तिच्या वेणीला बांधली आणि तिची आपल्याला. तेव्हापासून त्यांचा नेम होता. नवी वस्तू आली की पहिल्यांदा दुसरीनं वापरायची. दप्तरं, पेनं, चपला, सगळ्यांची अदलाबदल व्हायची आणि पुष्कळदा वस्तू तिकडेच राहायची. कंठपट्ट्या मिळाल्या त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या दोघींनी हसत त्या बदलल्या होत्या. परत बदलल्याच नव्हत्या. वर्ष संपल्यावर दोन्ही पट्ट्या डॉक्टरांकडे गेल्या एकाच डब्यात, आत लिहिलेल्या नावांनिशी.

तिनं खोलीत जाऊन दार लावलं आणि डॉक्टरांना फोन लावला. समजा दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली तर, असं तिनं आडून विचारलं. पडद्यावरच्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"तर मग तुझ्या नावाच्या आवाजात तंतू तुझे आहेत आणि वर्ष तिचं," त्या म्हणाल्या. "आणि तिच्यात उलट."

"मग तो आवाज कुणाचा?"

"अजून तरी कुणाचाच नाही. दुर्वा, समजा म्हणालीस ना तू?"

समीराचं वर्ष दुर्वाला पाठ होतं. समीरा फारसं बोलायची नाही, पहाटे उठायची आणि वडिलांच्या कारखान्यात तंबोरे लागत असताना त्यांच्या षड्जात षड्ज मिसळून तासन् तास गुणगुणत बसायची. आणि दुर्वाचं वर्ष? दिवसाला दोन कार्यक्रमांत मुख्य गाणं, मुलाखती, बर्फाचे गोळे, प्रवासभर आरडाओरडा. समीराच्या नाजूक तंतूंवर यंत्रानं ते सगळं वर्ष लादलं होतं आणि त्यांची चिंधी केली होती. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"समजा नाही," ती म्हणाली. "खरंच झालंय. तुम्ही सोमवारपर्यंत पुन्हा गणित करा. कंपनीलाही आजच कळवा, समीराला त्यांनी उगाच बाजूला केलं म्हणून."

"तुझा खरा आवाज कदाचित तुला आवडणार नाही."

"माहीत आहे," दुर्वा म्हणाली आणि फोन ठेवला. आपण फार मोठं काहीतरी केलं, असं तिला वाटलं. ते वाटणं सतारमेकर गल्लीपर्यंत टिकलं.

कारखान्यात आढ्याला वाळलेले भोपळे टांगले होते. समीराचे अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस घासून जवारी काढत होते, म्हणजे तारेला तो गुंजणारा दाणा आणत होते. समीरा बाजूला बसून हलकेच सूर लावत होती. दोन महिन्यांत दुर्वा तिचं गाणं पहिल्यांदा ऐकत होती. खालच्या सुराला तीच खरखर, तोच गोडवा, अजून कोवळा. रेडिओवरच्या बाईची सगळी माया इथून गेली होती. दुर्वाला रडू आलं.

तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. पट्ट्या, डॉक्टर, नवं गणित. समीरानं शांतपणे ऐकलं आणि ती म्हणाली, "निकालाच्या दिवशीच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

समीरानं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि दुर्वाला तेच अवघड गेलं.

"मला वाटलं, तुलाही कळलंय. म्हटलं, दुर्वा सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. आठ आठवडे वाट बघितली, बाई."

"मला आठवलंच नव्हतं गं. शपथ." हे म्हणताना स्वतःचा आवाज दुर्वाच्याच कानाला ओळखीचा वाटला नाही. निकालाच्या दिवशी समीराचा आवाज फाटला, तेव्हा आपला हात गळ्याकडे गेला होता, हे तिला आत्ता आठवत होतं. तो हात का गेला होता? पट्टीची सवय म्हणून? की आत कुठेतरी काही हललं होतं आणि आपण ते दाबून टाकलं होतं? तिनं खूप आठवून बघितलं. दोन्ही खरं वाटत होतं.

अब्बांनी तार छेडली, मान हलवली आणि पुन्हा कानस हातात घेतली. त्या दोघींकडे त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा असूनही ते दाखवत नव्हते.

"सोमवारी नवे आवाज येतील," दुर्वा म्हणाली. "दोघींचे. ऐकायला येशील?"

समीरानं केसांचा बो सोडला आणि नेहमीसारखा पुढे केला. दुर्वानं घाईघाईनं आपला काढून तिच्या हातावर ठेवला. समीरानं तो केसांना लावला नाही. मुठीत धरून बसून राहिली.

"समीरा, खरं सांग," दुर्वानं विचारलं. "मला ठाऊक होतं का गं?"