धाकटीची फुली

ठिणगी शिक्षकांच्या खोलीत गेली होती ती फक्त खडू मागायला. रंगमंचावर फुल्या मारायच्या होत्या. त्यांच्या शाळेतली ही जुनी रीत. नाटकात कुणी कुठे उभं राहायचं ते खडूची फुली मारून ठरवायचं, आणि फुली पुसली की त्या पात्राची जागा गेली असं समजायचं. खडू मिळाला, पण त्याच्याबरोबर एक बातमीही पदरात पडली. हेडसर नाटकाच्या बाईंना सांगत होते की पुढच्या सत्रापासून सभागृहाची अभ्यासिका होणार. रंगमंच तोडायचा आणि तिथे बाकं मांडायची. मुलांनी आता पुस्तकात डोकं घालावं, ही सोंगंढोंगं पुरे झाली.

ठिणगीला तिचं खरं नाव फक्त हजेरीला लागायचं. बाईंनी ठेवलेलं हेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं आणि तिने ते कधी खोटं पडू दिलं नव्हतं. दारातूनच ती म्हणाली, "सर, शनिवारी आमचं नाटक बघा, आणि मग तोडा."

बाईंनी डोळे वटारले. हेडसर मात्र हसले.

"बघतो. आवडलं नाही तर सोमवारी सुतार येईल. मग रडारड नको."

ती पायऱ्या दोन-दोन करत सभागृहाकडे पळाली. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. माणूस मार्कांवर जगतो असं वाटणाऱ्यांना एकदा अंधारात बसवून हलवून सोडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नाटक तिनेच लिहिलं होतं. घरातले दिवे गेलेत, आई बाहेर गेलीय, तीन भावंडं तिची वाट बघताहेत. सगळं नाटक काळोखात. शेवटी ताई दिवा लावते आणि दारात आई उभी असते.

अडचण एकच होती. धाकटीचं काम करणारी मुलगी वडिलांच्या बदलीमुळे शाळाच सोडून गेली होती, आणि परीक्षा तोंडावर असताना दुसऱ्या कुणाचे आईवडील मुलीला सोडायला तयार नव्हते. वाक्यं काढून नाटक नव्याने बांधायला ठिणगीला धीर नव्हता. तिने सगळ्यांना सांगून टाकलं की धाकटीची वाक्यं जिथे येतात तिथे तेवढा वेळ गप्प राहायचं, जागा सोडायची. कुणीतरी मिळेलच. आणि तिने धाकटीचीही फुली मारली, ताईच्या फुलीपासून हातभर अंतरावर.

मधल्या सुट्टीनंतर अंधारातली तालीम सुरू झाली. हीसुद्धा त्यांची रीत. काळे पडदे ओढायचे, दिवे मालवायचे, आपापल्या फुलीवर उभं राहून न हलता सगळं नाटक नुसतं बोलायचं. आधी प्रत्येकाने एकेक टाळी द्यायची, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. पडद्यांना जुन्या धुळीचा वास होता आणि अंधार असा की डोळे मिटले काय नि उघडले काय, सारखंच.

विंगेत दिव्याच्या बटणाशी उभ्या असलेल्या ठिणगीने टाळी दिली. ताई झालेली चष्मी ही तिची जिवाभावाची मैत्रीण. तिची टाळी आली. दादा झालेल्या लांबूची आली. आई होणाऱ्या मुलीची पलीकडच्या विंगेतून आली. मग आणखी एक आली. बारीक, छोट्या हातांची. लांबूचा चावटपणा, ठिणगीला वाटलं.

नाटक सुरू झालं. चष्मीने विचारलं, "झोपलीस का गं?" आणि ठरल्याप्रमाणे ती थांबली. इथे धाकटीचं वाक्य होतं. नाही, मला भूक लागलीय.

"नाही," अंधारातून आवाज आला. "झोपले की तुम्ही मला मोजत नाही."

ठिणगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीने नव्हे, आनंदाने. आपण लिहिलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं वाक्य होतं ते. आवाज कोवळा होता, किंचित बसलेला, पाण्याच्या हौदात बोलल्यासारखा. तिथून पुढे प्रत्येक रिकाम्या जागेत तो अचूक येत गेला. लांबू, जो एरवी पाढे म्हटल्यासारखा बोलायचा, त्याचीही वाक्यं खरी वाटू लागली.

दिवे लागल्यावर त्यानेच आधी तोंड उघडलं. "ठिणगे, एवढं झकास येतंय तर बटणाला कशाला चिकटून बसलीस?"

"मी कुठे बोलले? चष्मी बोलली ना?"

चष्मीने उजवा हात पुढे केला. तळवा पांढरा झाला होता, खडूच्या भुकटीने.

"मी खडूला हातसुद्धा लावलेला नाही," ती हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी कुणीतरी माझा हात धरला होता... मला वाटलं, तूच."

त्या संध्याकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. चष्मीचं म्हणणं, फुली पुसायची, धाकटी काढून टाकायची आणि हे सगळं विसरायचं. ठिणगीलाही भीती वाटत होती, पण त्या भीतीखाली काहीतरी उसळ्या मारत होतं. असं नाटक या शाळेत कधी झालं नव्हतं. असं नाटक बघून कुणाची छाती आहे रंगमंच तोडायची?

"कोण आहे ते माहीत नाही आणि तू तिला काम देतेस?" चष्मीने विचारलं.

"तिला काम करायचंय. या शाळेत आणखी कुणाला करायचंय, सांग."

चष्मीने बुटाने फुली घासून घासून पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा होती, आणि आता हातभर नव्हे, वीतभर अंतरावर. चष्मी तरीही आली. मैत्रिणीला तोंडघशी पाडणं तिच्या रक्तात नव्हतं. बाईंनी धाकटीची चौकशी केली तेव्हा ठिणगीने सांगितलं की नवी मुलगी आहे, बुजरी आहे, उजेडात येत नाही. यातलं शेवटचं तरी खरंच होतं.

शनिवारी भर दुपारी सभागृह खच्चून भरलं. पुढच्या रांगेत हेडसर हाताची घडी घालून बसले होते. पडदे ओढले, दिवे मालवले. टाळ्या झाल्या. शेवटची, बारीक टाळी ऐकताच ठिणगीने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला.

पहिल्या काही वाक्यांतच खुर्च्यांची करकर थांबली. मग खोकले थांबले. धाकटी बोलायची तेव्हा शेकडो माणसं असलेल्या त्या खोलीत कुणीच नाही असं वाटायचं. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं, आणि ती जागा हेडसरांची होती. ठिणगीचं काळीज ढोलासारखं वाजत होतं. जिंकलो, ती मनात म्हणत होती, जिंकलो.

शेवट आला. "थांब," ताई म्हणाली, "दिवा लावते." हीच खूण. ठिणगीने बटणावर बोट ठेवलं.

"ताई, नको ना..."

इथे धाकटीसाठी जागाच सोडलेली नव्हती. चष्मीचा श्वास अडकल्याचं विंगेपर्यंत ऐकू आलं. ठिणगीचं बोट तसंच राहिलं. दिवा लागला नाही तर आई दिसणार नाही, नाटकाला शेवटच उरणार नाही, आणि सोमवारी सुतार.

"दिवा लागला की मी नसेन," आवाज म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू, "पुढच्या नाटकात घ्याल मला?"

हा प्रश्न ताईला नव्हता. आवाज आता विंगेच्या दिशेने वळला होता. क्षण रबरासारखा ताणला जात होता. कोणत्याही क्षणी कुणीतरी हसेल आणि सगळं पाण्यात जाईल. विचार करायला वेळ नव्हता, आणि ठिणगीला विचार करत बसायची सवयही नव्हती.

"घेऊ," ती अंधारात म्हणाली. "शब्द देते."

"मग लाव."

दिवा लागला. दारात आई उभी होती. चष्मीचा हात बाजूला पसरलेला होता, बोटं कशाभोवती तरी वळलेली, आणि त्या बोटांत काहीच नव्हतं. प्रेक्षक आधी स्तब्ध झाले, मग उभे राहिले. हेडसर रंगमंचावर आले, चष्म्याच्या काचा पुसत. सुताराला बोलावणार ते रंगमंचाच्या फळ्या दुरुस्त करायला, एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ती धाकटी कुठेय? तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता त्यांना. बुजरी आहे सर, ठिणगीने सांगितलं. लांबूने ठिणगीला खांद्यावर घेतलं, सगळी नाटकमंडळी घसा फुटेपर्यंत ओरडली. फक्त चष्मी नळाखाली हात धूत राहिली, कितीतरी वेळ.

पुढल्या वर्षी ठिणगीने नवं नाटक लिहिलं. डोंगरावर वाट चुकलेले दोन गिर्यारोहक, बस्स. तिसरं पात्र नाही, भावंडं नाहीत, सोडलेल्या जागा नाहीत. एक लांबू, दुसरी चष्मी, जिला पुन्हा रंगमंचावर आणायला ठिणगीला हातापाया पडावं लागलं होतं. सभागृहाला नव्या लाकडाचा वास येत होता. आंतरशालेय स्पर्धेत उतरायचं होतं, शाळेचं नाव गाजवायचं होतं. घाईत, उत्साहात, दिलेला शब्द ठिणगी साफ विसरली होती. फुल्या तिने स्वतःच्या हाताने मारल्या. दोनच.

पडदे ओढले. अंधार झाला. बटणाशी उभं राहून तिने टाळी दिली. लांबूची आली. चष्मीची आली, जरा उशिराने.

मग बारीकशी एक टाळी आली. रंगमंचावरून नाही. ठिणगीच्या अगदी कानाशी.

"ताई... यात मी कोण?"

रंगमंचावर चष्मी हुंदका देऊन म्हणाली, "दिवा लाव. ठिणगे, दिवा लाव..."

ठिणगीने चाचपडत हात भिंतीकडे नेला. बटण सापडलं. पण त्यावर आधीच कुणाचीतरी बोटं होती. छोटी, खडूने खरखरीत झालेली, आणि ती बाजूला होत नव्हती.