आवाज थेट बापाचा

तो फटफटी न्यायला आला होता. बाकी काही नाही. बाप जाऊन महिना उलटला होता, मातीला तो आला नव्हता आणि आताच्या येण्यातही नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली चार वर्षं पडून असलेली गाडी बाहेर काढायची, कार्बोरेटर साफ करायचा, किक मारायची आणि उजेड आहे तोवर निघायचं. गॅरेजात दिवसभर चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या माणसाला याहून जास्त वेळ लागायचं कारण नव्हतं.

दार बंद होतं. त्यानं दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "दार उघडा."

आत भांडं पडलं. ते फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, सावकाश थांबलं.

दार आत्यानं उघडलं. बापाची थोरली बहीण. या घरात कुणी काय शिकावं, काय खावं आणि किती रडावं हे ठरवायचा मक्ता तिच्याकडे होता. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू होय. मला वाटलं..." एवढ्यावर ती थांबली आणि मग नेहमीचं म्हणाली, "आवाज थेट बापाचा."

मिसरूड फुटल्यापासून तो हे ऐकत होता. बाप वखारीवर मुकादम. करवतीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय, आणि तोच आवाज तो घरात मीठ मागायलाही वापरायचा. पोरानं फोन उचलला की पलीकडचा माणूस "नमस्कार मुकादम" म्हणून सागवानाचे भाव सांगायला लागायचा. पाहुण्यांना याचं भारी कौतुक. बाप म्हणायचा, "आवाज माझा उचललास, अक्कल कुणाच्या घरून आणलीस?" पाहुणे हसायचे. मोठ्यांच्या विनोदाचं एक बरं असतं. ज्याच्यावर केला तो लहान असला की विनोद चांगलाच ठरतो.

तिसऱ्या वर्षाला त्यानं इंजिनिअरिंग सोडलं. आत्यानं ठरवलेलं, बापानं फी भरलेलं, सगळ्या खानदानानं मिरवलेलं ते कॉलेज होतं. त्याच्या वाट्याला फक्त तिथं जाणं आलं होतं. कॉलेज सुटलं तसं घरही सुटलं. पुढं काही महिन्यांनी, पोट पाठीला लागलेलं असताना, एका परक्या बसस्थानकावरून त्यानं घरी फोन लावला. फोन बापानंच उचलला.

"बाबा, मी बोलतोय. मी घरी येऊ का?"

पलीकडे लांब कुठंतरी ठोकाठोक चाललेली. कुणीतरी कळवळलं, आणि एक बाई हसत म्हणाली, "बोट वाचलं ना?" मग तो आवाज आला. ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं, कारण तो त्याचा स्वतःचाच होता.

"चुकीचा नंबर लागलाय."

ते वाक्य तो चार वर्षं रोज पत्र्यावर ठोकत आला होता.

आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. समोर ताट, ताटात सुकलेलं अन्न. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे.

"जेवत नाही," आत्या कुजबुजली. "तो हाक मारायचा तेव्हा ही उठायची. आता हाकच नाही, तर उठेल कशाला? तू एक कर. त्याच्या खोलीत जा, दार लोटून घे आणि चहा माग. एकदाच."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"बापाच्या जिवावर वाढलास. त्याच्या आवाजात दोन शब्द बोलायला तुझं काय जातंय?"

काय जातंय ते त्या वेळी त्यालाही सांगता आलं नसतं.

खोलीत लाकडाच्या भुशाचा आणि मलमाचा वास कोंडला होता. बाप आतून कडी लावून झोपायचा आणि तसाच गेला, म्हणून दार फोडावं लागलं होतं. कडीच्या जागी ओरबाडलेलं लाकूड दिसत होतं. पलंग खिडकीपासून ओढून फोनच्या टेबलाला चिकटवलेला. तो पलंगावर बसला. घसा खाकरायचीही गरज पडली नाही.

"अगं, चहा झाला का?"

आईच्या बांगड्या वाजल्या, शेगडी पेटली.

"आणते हो."

ती आली, दारातल्या स्टुलावर कपबशी ठेवली आणि मान वर न करता परत गेली. थोड्या वेळानं तिच्या जेवणाचा आवाज आला. अधाशासारखी जेवत होती.

"बघ," आत्या म्हणाली. कुणाचं तरी आयुष्य मार्गी लावल्यावर तिचा चेहरा असा व्हायचा. इंजिनिअरिंगच्या वेळीही झाला होता.

गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरचा जेट चोंदलेला निघाला, मग प्लग गेला, मग दुकान बंद. तो बापाच्या खोलीत झोपू लागला. सकाळी चहा मागायचा, दुपारी जेवायला वाढ म्हणायचा, दिवेलागणीला चष्मा कुठंय विचारायचा. आईच्या अंगावर मांस दिसू लागलं. आई जगतेय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? घरच्यांनी गळ्यात घातलेला फास असाच असतो, सोडवायला गेलं तर कुणीतरी मरतं.

एका दुपारी तो पडल्या पडल्या म्हणाला, "अगं, तपकिरी स्वेटर खालच्या ट्रंकेत आहे बघ. उन्हात घाल."

ट्रंक करकरली. आई अंगणात गेली आणि स्वेटर झटकून दोरीवर टाकून आली.

तो उठून बसला. तसला स्वेटर त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तो ताडकन बाहेर आला. "आई, आत मी होतो. रोज मीच असतो."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. दयेनं पाहिलं, भाडेकरूच्या आजारी पोराकडे पाहावं तसं. "हळू बोल रे," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा..."

मग त्याचा तोल सुटला. "कुणाचा डोळा? ज्यानं मला फोनवर ओळख दिली नाही, त्याचा? स्टॅण्डवर उपाशी उभा होतो मी. चुकीचा नंबर म्हणाला."

आईनं विचारलं, "कधी?"

"घर सोडलं त्या वर्षी."

"तुझा फोन आलाच नाही." ती अगदी शांतपणे, हिशेब सांगावा तशी बोलली. "पलंग फोनपाशी ओढून घेतला त्यांनी. आंघोळीला गेले तर मला तिथं बसवून जायचे. कुणाला सांगायची लाज वाटायची, मग म्हणायचे, खिडकीतून वारा लागतो. शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली रे... तुझा फोन नाही आला."

त्यानं मनात म्हटलं, खोटं बोलतेय. मेलेल्याला धुऊन पुसून स्वच्छ करायची प्रत्येक घरात रीतच असते. पण बापाचं वाक्य चार वर्षांत प्रथमच त्याच्या हातातून निसटल्यासारखं झालं. त्या आवाजात चुकायला जागा नव्हती. मग तो कुणाचा होता?

सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बंद पडली तर पुन्हा नखरे नकोत म्हणून त्यानं ती दारात चालूच ठेवली. तोवर सुतार आला होता. बापाच्या खोलीच्या दाराला नवी कडी बसवत होता. आत्या शेजारी उभी राहून त्याला सुतारकाम शिकवत होती.

"बाहेरून?" त्यानं विचारलं. कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला बसत होती.

"आत कोण आहे लावायला?" आत्या म्हणाली. "वाऱ्यानं आदळतं दार."

हेल्मेट बापाच्या पलंगावर राहिलं होतं. तेवढं घ्यायला तो आत गेला, ते उचललं आणि फोन वाजला.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, फोन."

त्यानं उचलला. आधी नुसती गर्दी ऐकू आली. बसचा भोंगा, गावांची नावं ओरडणारा कंडक्टर. मग कोरड्या घशातून, भुकेनं बारीक झालेला आवाज आला.

"बाबा, मी बोलतोय."

त्याच्या हातातलं हेल्मेट पलंगावर पडलं.

"मी घरी येऊ का?"

दारावर हातोडा पडत होता. सुतार कळवळला. आत्या हसत म्हणाली, "बोट वाचलं ना?"

पुढं काय येणार ते जगात त्याला एकट्याला माहीत होतं. त्यानं मोकळ्या हातानं स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. ये म्हणायचं, एवढंच. हात काढायचा आणि ये म्हणायचं. तळव्याखाली ओठ जरासुद्धा हलले नाहीत.

"चुकीचा नंबर लागलाय," खोलीतला आवाज म्हणाला.

पलीकडे फोन ठेवल्याचा ठक्क आवाज झाला.

"कुणाचा हो होता?" आईनं विचारलं.

"कुणाचा नाही. अगं, चहा झाला का?"

"आणते हो."

सुतारानं दार ओढून पाहिलं. कडी सरकली. "बसली," आत्या म्हणाली.

आई आली. कडी काढली, कपबशी स्टुलावर ठेवली, आणि मान वर न करता दार ओढून कडी पुन्हा लावली.

बाहेर सुतार अंगठा चोखत आपलं सामान गोळा करत होता. आत्या त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि पायरीवर थबकली.

"ही कुणाची फटफटी? मघापासून आपल्या दारात धूर सोडतेय."

"असेल कुणा पोराची," सुतार म्हणाला. "येईल की."

"आजकालची पोरं," आत्या म्हणाली. "बापाचा धाकच राहिला नाही कुणाला."

पेट्रोल संपेपर्यंत ती गाडी चालू होती.