संग्रामचा थकवा

फुटबॉलच्या आशिया करंडकाच्या अंतिम सामन्यात संग्राम साळोखे अख्खं मैदान पळत पार करून आला, आणि धाप लागली ती गिरिजाला!

ती तर खुर्चीत बसली होती. ताश्कंदच्या त्या अवाढव्य स्टेडियमच्या पोटात, काचेच्या एका खोलीत, कानामागे रुपयाएवढी चकती चिकटवून. समोरच्या पडद्यावर तिचा दादा घामाने निथळत होता, पण चेहरा कसा, तर आत्ताच झोपून उठल्यासारखा ताजा. आणि इथे त्याच्या धाकट्या बहिणीच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, बरगडीखाली टोचत होतं, घसा कोरडा ठणठणीत पडला होता.

"काय हमाल, दमलीस काय?" तिच्या कानात त्याचा आवाज आला.

"तुझंच हाय की, दादा. परत पाठवू?"

"नको बाई, ऱ्हाऊ दे तुलाच!"

हमाल हा त्यांच्या कोल्हापूरच्या पेठेतला शब्द. सरकारी शब्द होता श्रमसाथी. आता प्रत्येक मोठ्या खेळाडूचा एक श्रमसाथी असायचा. खेळाडूच्या मेंदूत उठणारी थकव्याची जाणीव 'श्रमसेतू' नावाच्या यंत्रणेतून उचलायची आणि थेट या दुसऱ्या माणसाच्या मेंदूत नेऊन सोडायची. पळायचं एकाने, दमायचं दुसऱ्याने. भावंडांचे मेंदू चांगले जुळतात, म्हणून श्रमसाथी बहुतेक करून भाऊ नाहीतर बहीण.

हा सेतू बांधला डॉ. नसीम मुजावर यांनी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा चकती चिकटवली, तेव्हा गिरिजाने त्यांच्याशी भांडणच काढलं होतं.

"थकवा पायात नसतो, बेटा," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"मग माझे पाय का दुखतात?"

"दुखतात पाय. पण 'आता बास कर' असं ओरडतो तो मेंदू. आणि मेंदू असतो घाबरट. पायात बरीच ताकद शिल्लक असते, तेव्हाच ओरडायला लागतो. ती ओरड खेळाडूला ऐकूच आली नाही, तर तो शिल्लक ताकदही वापरू शकतो."

"मग ओरड बंदच करून टाका की! मला कशाला ऐकवताय?"

"केली होती बंद. पहिल्या चाचणीत. ती मुलं थांबेचनात. त्यातला एक थांबला, तो छातीवर हात दाबून. पुन्हा उठलाच नाही. म्हणून ती ओरड कुणीतरी ऐकायलाच हवी."

"यंत्राला ऐकवा."

"यंत्राला आकडे कळतात. त्याच आकड्यांवर एक माणूस मजेत असतो आणि दुसरा कोसळतो. 'बास' हे फक्त मेंदूला कळतं."

म्हणून खुर्चीच्या हाताला एक रबरी मूठ होती. श्रमसाथीने मूठ आवळून धरली, की थकवा त्याचा. सोडली, की त्याच क्षणी थकवा मालकाकडे परत. कुणी दबाव आणू नये, म्हणून नियम कडक होता: मूठ धरायची का सोडायची, हे श्रमसाथीनेच ठरवायचं. त्याच्या हाताला दुसऱ्या कुणी बोटही लावायचं नाही. डॉक्टरांनीसुद्धा नाही.

आणि गिरिजाने मूठ आजवर कधी सोडली नव्हती. कध्धीच नाही! संघातल्या बाकी सगळ्यांचे साथी एकदा तरी ढेपाळले होते. एक बिचारा तर उपांत्यपूर्व सामन्यात खुर्चीतून खालीच घसरला. गिरिजा मात्र ओठ चावून, टाचा रोवून बसायची. पेठेतल्या तालमीने चौकात फलक लावला होता, त्यावर संग्रामच्या शेजारी तिचाही तेवढाच मोठा फोटो. खाली लिहिलं होतं, 'आमची चिवट गिरिजा'. शाळेत जाताना ती मुद्दाम त्या चौकातून जायची.

नव्वद मिनिटं संपली. भारत एक, जपान एक. जादा वेळ खेळायचा ठरला, आणि भारताचे बदली खेळाडूही संपले होते.

मधल्या विश्रांतीत डॉक्टर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. हातातल्या पडद्यावर दोन रेषा होत्या.

"ही संग्रामच्या हृदयाच्या मर्यादेची. तीन वर्षांत जागची हललेली नाही. ही तुझ्या 'बास'ची. बघ कुठे गेलीय."

दुसरी रेषा पहिलीला ओलांडून पार वर गेली होती.

"भारीच की!" गिरिजा धापा टाकत हसली.

"भारी नाही, गिरिजा. तुला सहन करायची सवय झालीय. तू शिकलीस, त्याचं हृदय नाही शिकलं. तुला जिथे 'बास' वाटायला हवं, तिथे आता वाटतच नाही."

"मग प्रशिक्षकांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, मुलीने मूठ धरलीय ना, मग खेळाडू ठणठणीत आहे."

"मग हाय की ठणठणीत!" गिरिजाला रागच आला. "मॅडम, मी आत्ता सोडू? फायनलला? मी?"

डॉक्टर उठून बाजूला झाल्या. सांगण्यापलीकडे त्यांना अधिकारच नव्हता.

जादा वेळ सुरू झाला. गिरिजाचे डोळे मिटायला लागले, बोटं बधिर झाली. तिने दात आवळले. नाही म्हणजे नाही! दादा पळत होता, सुटत होता, पुन्हा पळत होता. आणि मग, अगदी शेवटी शेवटी, सगळं थांबलं. टोचणं गेलं, गोळे गेले. कसं छान हलकं वाटायला लागलं, दुपारी पाय पसरून पडल्यासारखं. उपांत्य सामन्यातही असंच झालं होतं. तेव्हा ती डॉक्टरांना ओरडून म्हणाली होती, "जिंकले मी थकव्याला!"

आता तिने पडद्याकडे पाहिलं. दादा अजून पळतच होता. मग त्याचा थकवा गेला कुठे?

गेला कुठेच नव्हता. तिलाच ऐकू येईनासा झाला होता. आणि आता तो कुणालाच ऐकू येत नव्हता, अगदी त्या पहिल्या चाचणीतल्या मुलांच्या थकव्यासारखा. जिद्द तिची होती, पण खर्च होत होतं ते दादाचं हृदय.

त्याच वेळी मधल्या फळीतून चेंडू सुटला. संग्राम दोघांना मागे टाकून निघाला. समोर एकटा गोलरक्षक.

"गिरजेऽऽ, धर! सोडू नगंस!"

बोटं उघडेनात. तीन वर्षं फक्त आवळायला शिकलेली बोटं! तिने डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उचकटलं. करंगळी. अनामिका. मधलं. एवढी ताकद तिला धरून ठेवायला कधीच लागली नव्हती. शेवटी अंगठा सुटला.

पडद्यावर संग्राम एक पाऊल पुढे गेला आणि गवतावर कोसळला. चेंडू घरंगळत गेला. गोलरक्षकाने तो अलगद उचलला, लांब फेकला, आणि दुसऱ्या टोकाला जपानचा गोल झाला.

त्याला खाली आणलं तेव्हा वरचं स्टेडियम गर्जत होतं, दुसऱ्यांसाठी. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, दोनदा तपासली.

"अजून किती पळाला असता?" गिरिजाने विचारलं.

"नाही सांगता येणार. कदाचित घरापर्यंत. कदाचित चेंडूपर्यंतही नाही."

म्हणजे तिला कधीच कळणार नव्हतं. ठीक आहे. नाही तर नाही. ती दादाजवळ जाऊन उभी राहिली, मान ताठ ठेवून, शिव्या ऐकायच्या तयारीने.

पण तो भेदरला होता. "गिरजे, काहीतरी झालंय मला. हात उचलंना. छातीवर कोण बसलंय? मी मरतोय काय गं?"

"न्हाई दादा. दमलायस."

"हे?" तो तिच्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांत तो विसरूनच गेला होता. "दमणं असलं असतंय?"

"असलंच असतंय."

"आणि हे तू... दर म्याचला?"

"सरावाला पण."

संग्रामचे डोळे भरून आले. आता हा माफी मागणार, असं गिरिजाला वाटलं. जाऊ दे रे, असं म्हणायचं तिने मनात ठरवूनही टाकलं. त्याने कसाबसा तिचा हात जवळ ओढला आणि तिची सुजलेली बोटं एकेक करून मिटवायला लागला. करंगळी. अनामिका. मधलं.

"घे ना परत," तो म्हणाला. "थोडाच वेळ. घरी जाईस्तोवर."

गिरिजाने बोटं पुन्हा उघडली. आणि उघडीच ठेवली.