पोचल्याची रिंग

संघर्षचं एकेक खूळच. सगळं जग विंडोज वापरायचं आणि हा पठ्ठ्या मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स टाकून बसला. "फुकट आहे आणि आपलं आहे," म्हणायचा. फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मॉडेम तेवढा काही केल्या चालेना. "कळवणहून आलो की बघतो त्याच्याकडे," म्हणून तो एका शाळेचे कॉम्प्युटर जोडायला निघाला, आणि वाटेतच जीप उलटली.

आता पंचवटीतल्या घरात त्याची आई आक्काबाई आणि धाकटी बहीण रोहिणी, दोघीच. रोहिणी शाळेत गणित शिकवायची. आक्काबाई फोनपाशी बसून असायच्या. संघर्षचा नेमच होता तसा, कुठंही गेला तरी पोचल्यावर दोन रिंगा द्यायच्या, परत निघाल्यावर तीन. आपण उचलायचा नाही, उगाच पैसे कशाला घालवा?

"आई, दादाला आपण निरोप दिला गं. तू होतीस ना तिथं?"

"होते की. पण पोचल्याची रिंग कुठं आली?"

आई जेमतेम दोन घास खायची, बाजारालाही जायची नाही. अशानं हीसुद्धा हातची जाईल, ही धास्ती रोहिणीला आतून पोखरत होती. दादाचं अडलेलं काम झालं तर आईचं मन थोडं तरी वळेल, म्हणून तिनं मॉडेम हातात घेतला. संघर्षचं काम म्हटल्यावर आक्काबाईंनी दुपारपुरती फोनची लाइन सोडली.

मॉडेम भलताच हट्टी. आपल्याकडच्या फोनचा डायल टोन त्या परदेशी डबड्याला ओळखूच येईना. लाइन जिवंत असूनही पडद्यावर आपलं 'नो डायलटोन'! शेवटी एक आज्ञा सापडली, ऐकू येवो न येवो, तू नंबर फिरव. रोहिणीनं ती टाइप केली. पडद्यावर 'ओके' आलं. ती खुशीत नंबर टाइप करणार, तोच खाली अक्षरं उमटली.

रिंग.
रिंग.

फोन येत असला की मॉडेम असं लिहायचा. तिनं फोनकडे पाहिलं. फोन गप्प. क्रॉस कनेक्शन असेल, ती मनाशी म्हणाली. लाइनवर काहीबाही येतच असतं.

दुसऱ्या दुपारी तेच. पुन्हा दोनदा, आणि फोन तसाच मुका. आता मात्र तिचं गणिती डोकं तापलं. तिनं मॉडेमला जोडलेली फोनची वायर उपटून हातात घेतली. घे, आता कर रिंग!

मॉडेमवरचा लाल दिवा लुकलुकला.

रिंग.
रिंग.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. देवळात कधी न वाकलेली ती पोर, तिचे हात आपोआप जोडले गेले. वायर बोटांतच होती.

"किती झाल्या?" मागून आई.

"फोन वाजलाच नाही, आई."

"फोनचं कोण विचारतंय? किती झाल्या?"

"दोन."

आक्काबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडल्या, आणि रडता रडताच हसल्या. "पोचलं गं माझं लेकरू! पोचलं!"

रोहिणीनं आईला कवटाळलं. तिलाही रडू आवरेना. कुठं पोचला, कसा पोचला, काही विचारावंसं वाटलं नाही. आईचा चेहरा उजळला होता, एवढं पुरे होतं.

"चल, भाजी घेऊन येते," आक्काबाई उठल्या. चपला पायात सरकवल्या.

रोहिणी मॉडेम बंद करायला वळली.

रिंग.
रिंग.

तिनं श्वास रोखला.

रिंग.

दाराशी चपलांचा आवाज थांबला. आईला तिथून पडदा दिसत नव्हता.

"निघाला वाटतं," आक्काबाई म्हणाल्या. पिशवी खुंटीला अडकवून त्या आत गेल्या, आणि डब्यातून रोजच्यापेक्षा मूठभर जास्त तांदूळ घेतले.