कलम एकतीस, शुक्रवार पाचपर्यंत

बेचाळीस पानांचा तो करार आजवर कुणी वाचला नव्हता. ज्याने लिहिला होता, त्यानेही पुन्हा वाचला नव्हता. सॉफ्टवेअर साधंच, फोटो तारीखवार लावून ठेवणारं. पण ते सुरू होण्याआधी करार समोर यायचा, आणि यच्चयावत माणसं सर्रकन खाली सरकून 'मान्य आहे' दाबून मोकळी व्हायची.

ती मात्र वाचायची. तिला पगारच त्याचा होता. मुद्रितशोधक म्हणून रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी, सत्ताविसाव्या पानावर, तिची लाल पेन्सिल थबकली.

'कलम १९ : शेजारणीच्या बकरीचे फोटो तिच्या संमतीशिवाय साठवू नयेत. हे कलम वाचणाऱ्यास तिसऱ्या मजल्यावर एक कॉफी देणे कंपनीवर बंधनकारक राहील.'

ती जिना चढून वर गेली. फायलींच्या ढिगाआड एक तरुण बसला होता. सगळे त्याला 'वकील' म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण करार तोच लिहायचा.

"संमती कुणाची? शेजारणीची की बकरीची?" तिने विचारलं. "वाक्य संदिग्ध आहे."

त्याने मान वर केली... आणि ती खाली घ्यायची विसरला.

"तीन वर्षं ती बकरी तिथे उभी आहे," तो म्हणाला. "विचारपूस करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"कॉफी?"

"आणतो. साखर?"

"करारात उल्लेख नाही."

"मग दोन चमचे. संदिग्ध असेल तिथे वाचणाऱ्याच्या बाजूने अर्थ लावायचा असतो."

कॉफी गोडमिट्ट झाली होती. तिने थेंब ठेवला नाही.

दर महिन्याला नवी आवृत्ती निघायची, आणि दर आवृत्तीत एक कलम फक्त तिच्यासाठी असायचं. कलम २२ मध्ये लिहिलं होतं, 'यापुढे तपासनीस बाईंना तू म्हणण्यात येईल.' तिने समासात लाल अक्षरात लिहिलं, 'परवानगी घेतल्याचा उल्लेख राहिला.'

"देतेस का?" त्याने जिन्यात गाठून विचारलं.

"घेतलीस की आत्ताच."

कलम २४ म्हणे, 'केसांत पेन्सिल खोचून तिसऱ्या मजल्यावर येऊ नये. लेखकाच्या कामात व्यत्यय येतो.' दुसऱ्या दिवशी ती दोन पेन्सिली खोचून गेली. त्या दिवशी वकिलाच्या हातून एक ओळही लिहून झाली नाही.

एकमेकांचा फोन नंबर त्यांनी घेतलाच नव्हता. बेचाळीस पानं हाताशी असताना फोन कशाला?

एकदा तो स्वतःच्या संगणकात कसलंसं नवं सॉफ्टवेअर घालत होता. करार आला, त्याने 'मान्य' दाबलं.

"दोन सेकंद," ती म्हणाली. "मोजले मी. दुसऱ्याचं वाचायला नको का?"

"आचारी दुसऱ्याच्या पंगतीत मीठ तपासत बसतो का?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "तू आहेस ना वाचायला. तुझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही..."

त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र आलं.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय," तो म्हणाला. "जायचं की नाही, ते... मंगळवारी नवी आवृत्ती येईल. नीट वाच."

"मी नेहमीच नीट वाचते."

सोमवारी तिचे बाबा जेवता जेवता ताटावर कोसळले. मंगळवारी ती हॉस्पिटलच्या बाकावर होती. शस्त्रक्रियेचं संमतिपत्र नऊ पानांचं होतं. तिने ते शब्दन् शब्द वाचलं, दोन चुका दाखवल्या आणि सही केली. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. आवृत्ती अडली होती, तिची मान्यता हवी होती. बाबांना आत नेत होते. तिने फोनवरच करार उघडला, सर्रकन खाली सरकली आणि 'तपासले, मान्य' दाबलं.

अकरा सेकंद.

बाबांच्या उशाशी अडीच महिने गेले. ते वाचले. ती कामावर आली, तेव्हा टेबलावर एकाच हस्ताक्षरातली तीन पत्रं पडली होती. सॉफ्टवेअर घेतलेले कुणी निवृत्त मुख्याध्यापक होते, करार अथपासून इतिपर्यंत वाचलेले. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'कलम ३१ मधली मुलगी तिसऱ्या मजल्यावर गेली का, एवढे कळवावे. आमची सौ. रोज विचारते.'

तिने कलम ३१ उघडलं.

'तपासनीस बाईने लेखकाशी लग्न करावे. मान्य असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत तिसऱ्या मजल्यावर यावे. न आल्यास लेखकाने नकार समजावा व पुन्हा विचारून तिला अवघडवू नये. हे कलम लेखकावर आयुष्यभर बंधनकारक राहील.'

जिना ती धावतच चढली. टेबल मोकळं होतं, त्यावर एक कप पालथा.

"शुक्रवारी सहापर्यंत बसला होता गं," तिथल्या शिपाईमामांनी सांगितलं. "मी म्हटलं, अरे, पोरगी रजेवर आहे. तर म्हणतो, मामा, करार तिने मान्य केलाय. ती वाचते. म्हणजे उत्तर मिळालं."

मामांनी भिंतीकडे बोट केलं. सूचनाफलकावर लग्नपत्रिका टाचलेली होती. मुलगी त्याच्या आईने पाहिलेली. तारीख गेल्या रविवारची.

तिने पत्रिका वाचली. नीट वाचली. एकही चूक नव्हती.

तो गेल्यापासून नवी आवृत्ती निघालीच नव्हती. करार लिहायचं कामही आता तिच्याकडेच आलं. पुढच्या आवृत्तीत तिने एकच कलम बदललं.

'कलम ३१ : मागील आवृत्तीतील कलम ३१ वाचायचे राहून गेले. तो नकार नव्हता. लेखकास एवढेच माहीत असावे. कोणतीही कार्यवाही अपेक्षित नाही.'

जुन्या कर्मचाऱ्यांना सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. महिन्याभराने कुणी कधी 'मान्य' दाबलं त्याची यादी आली, त्यात त्याचाही जुना कर्मचारी क्रमांक होता. लग्नाचे फोटो लावायचे असतील. करार उघडून मान्य करेपर्यंतचा वेळ : तीन सेकंद.

नेहमीपेक्षा एक जास्त.

एका सेकंदात कलम वाचून होत नाही. पण वाचावं की नाही, एवढा विचार होतो... किंवा बायकोने हाक मारलेली असते. संदिग्ध होतं. असं असलं की वाचणाऱ्याच्या बाजूने अर्थ लावायचा. पण त्याच्या बाजूचा अर्थ कोणता, वाचल्याचा की न वाचल्याचा, ते काही तिला ठरवता येईना.

मग तिने दोन चमचे साखर घालून कॉफी केली आणि मुख्याध्यापकांना उत्तर लिहायला घेतलं.

'सौ.ना सांगावे. मुलगी वर गेली होती. थोडा उशीर झाला.'