चौथ्यांदा पडलेलं भोक

इसवी सन २०७३. वेल्डिंग करताना नळीला चौथ्यांदा भोक पडलं, तेव्हा ओवीने तोंडावरचा मुखवटा काढून फेकला. "नाना, ही खुर्ची दुरुस्त होणारच नाही!"

तिचे आजोबा नाना खोत पूर्वी धातुशास्त्रज्ञ होते. आता त्यांचे पाय अधू झाले होते. समुद्र गावात शिरला होता, उद्या दुपारी शेवटची बोट सुटणार होती, आणि नानांच्या चाकाच्या खुर्चीचा सांगाडा मोडला होता.

"तू एकटी जा," नाना म्हणाले.

ओवीचे आईबाबा गेल्या वर्षीच्या वादळात वाहून गेले होते. "मग मीही इथेच राहते," ती म्हणाली आणि रडू लागली.

नानांनी जळकी नळी हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी विचारलं, "कशाने जोडतेयस?"

"कांडीने."

"कांडीचं वेल्डिंग जाड, गंजक्या लोखंडाला बरं. नळी आहे दीड मिलिमीटर जाडीची. तेवढ्या आचेने ती जळणारच."

"मग टिग?"

"टिगने (एका हाताने टंगस्टनच्या टोकाची ठिणगी धरून दुसऱ्या हाताने तार भरणं) सांधा सुरेख होतो. पण हात बसायला महिने लागतात. माझे तर बघ." त्यांची बोटं थरथरत होती. "राहिलं मिग. त्यात यंत्रच तार पुढे सरकवतं, आच कमी ठेवता येते. पण वितळलेल्या धातूला हवा लागली की सांधा कच्चा राहतो. वर वायूचं पांघरूण हवं."

ओवीने वायूच्या सिलिंडरची तोटी उघडली. रिकामा!

"कांडीला कुठे वायू लागतो?" तिने हुंदके देत विचारलं.

"तिच्यावर फ्लक्सचा (जळून धूर करणारी आणि धातूला झाकणारी पूड) लेप असतो."

"तारेला नसतो?"

नानांनी मान वर केली. "काही तारांच्या पोटात असतो! फळीवर बघ."

तशा तारेचं रीळ सापडलं. या तारेला वीज उलट दिशेने लागते, म्हणून नानांनी यंत्राच्या जोडण्या उलट करायला लावल्या. "सलग ओढू नकोस. टिपका दे, निवू दे, मग पुढचा."

या वेळी भोक पडलं नाही.

खुर्ची बोटीपर्यंत टिकली. मागे घराची नुसती कौलं दिसत होती. ती पाहून नाना मोठ्याने रडले. बोटीने नेलेल्या लोकांच्या छावणीत ओवी चार दिवस कुणाशी बोललीच नाही.

पाचव्या दिवशी शेजारच्या बाई मोडकी खाट ओढत आल्या. "पोरी, तुला वेल्डिंग येतं म्हणे?"

ओवीने खाटेच्या पायावरून बोट फिरवलं. लोखंड जाड होतं, गंजलेलं.

"याला कांडी चालेल," ती म्हणाली.